शाळेचं बजेट, प्रॉपर्टी टॅक्स आणि पेंटॅगॉन – पाणी मुरतंय कुठे?

मृण्मयी_एनजे

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे पण खिशाशी संबंध आहे म्हणून धागा काढतेय. आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो, दोन्ही मुलं पब्लिक स्कूलमध्ये. पुढच्या वर्षीच्या बजेटवरून स्कूल बोर्डाच्या मीटिंगा सुरू झाल्यात. बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने स्लाइड दाखवली तिचं सार असं की स्पेशल एज्युकेशन, हेल्थ इन्शुरन्स आणि बस तिन्ही महागलंय, टॅक्स लेव्ही (म्हणजे शाळेसाठी गोळा होणारा एकूण प्रॉपर्टी टॅक्स) वर्षाला २ टक्क्यांच्या वर नेता येत नाही (२०१० चा कायदा, थोडे अपवाद सोडून), फेडरल पैसा किती आणि कधी येईल याचा भरवसा नाही, सबब काही पॅरा (वर्गातले मदतनीस शिक्षक) कमी होणार, मिडल स्कूलची लायब्ररियन जाणार आणि कर्टसी बसचे (शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना बंधन नसताना दिलेली बस) पैसे आता पालकांनी भरायचे.

मागून एक आजोबा उठले आणि म्हणाले की डिफेन्सला वर्षाला ट्रिलियनच्या घरात पैसे आहेत आणि आमच्या गावाला एक लायब्ररियन परवडत नाही, हे कसं काय? टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही, पुढचे वक्ते.

घरी नवरा म्हणतो दोन्हीचा काडीचा संबंध नाही, शाळा प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात आणि पेंटॅगॉन म्हणजे संरक्षण खातं इन्कम टॅक्सवर. मला पटत नाहीये पण खोडताही येत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाका. धुळवड नको, आकडे द्या.

भाऊसाहेब_२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पुणेरी_खवचट

तुम्ही लोक तिकडे लायब्ररियनसाठी रडताय, इकडे झेडपीच्या शाळेत एक मास्तर चार वर्ग सांभाळतो. असो, चालू द्या.

आकडेमोडे

मृण्मयीताई, नवरोबांचं अर्धं बरोबर आहे. शाळांचा बहुतेक पैसा स्थानिक आणि राज्याचाच असतो, फेडरल वाटा कोविडच्या आधी देशभरात सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास होता. पण गंमत त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. (मी एका राज्याच्या फायनान्स खात्यात काम करतो, कुठल्या ते विचारू नका.)

आधी एक जुनं भांडण मिटवू. व्हॉट्सअ‍ॅपवर एक पाय चार्ट फिरतो त्यात निम्मं बजेट मिलिटरीचं दिसतं, दुसरा फिरतो त्यात १३ टक्के, आणि लोक एकमेकांना खोटारडे म्हणतात. दोन्ही खरे आहेत. २०२४ च्या आर्थिक वर्षात फेडरल सरकारने सगळं मिळून साधारण पावणेसात ट्रिलियन खर्च केले. त्यातलं सोशल सिक्युरिटी (पेन्शन), मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा आरोग्य विमा), मेडिकेड (गरिबांचा) हे कायद्याने आपोआप जातं, त्यावर दरवर्षी मतदान होत नाही. कर्जावरचं व्याजही तसंच. काँग्रेस म्हणजे इथली संसद दरवर्षी ज्याच्यावर भांडते ते उरलेले १.८ ट्रिलियन, आणि त्यात संरक्षण ८५० बिलियनच्या आसपास म्हणजे निम्म्याला थोडं कमी. उरलेल्या निम्म्यात मग शाळांची मदत, हेड स्टार्ट (गरीब मुलांची बालवाडी), घरभाड्याची व्हाउचर्स, एफबीआय, नासा, नॅशनल पार्क्स, कॅन्सर रिसर्च असे सगळे दाटीवाटीने बसलेत.

आणि फार लोकांना माहीत नसतं ते हे, की युद्धावरून परत आलेल्या सैनिकांच्या दवाखान्यांचा खर्च संरक्षणात धरत नाहीत. तो या दुसऱ्या निम्म्यातच येतो. म्हणजे युद्ध संपल्यावर त्याचं बिल हेड स्टार्टच्या शेजारच्या रकान्यात येऊन बसतं आणि तिथली जागा खातं.

आता तुमची लायब्ररियन. स्पेशल एज्युकेशनचा कायदा १९७५ चा. त्यात काँग्रेसने सांगितलं की प्रत्येक अपंग मुलाला योग्य शिक्षण द्या, आणि एका मुलामागे देशात सरासरी जो खर्च होतो त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम फेडरल सरकार देईल. ते ४० टक्के आजपर्यंत एकदाही दिलेले नाहीत. गेली कित्येक वर्षं आकडा १५ च्या खालीच आहे. पण मुलाचा हक्क मात्र पक्का, आयईपीमध्ये (त्या मुलासाठी बनवलेला शिक्षणाचा लेखी आराखडा) लिहिलेली स्पीच थेरपी स्कूल डिस्ट्रिक्टला द्यावीच लागते, नाहीतर पालक कोर्टात जातात आणि जायलाच हवं. मग डिस्ट्रिक्ट काय करणार? लेव्हीवर २ टक्क्यांची मर्यादा. जे कायद्याने कापता येत नाही ते राहतं आणि जे कापता येतं ते जातं. लायब्ररियन, कर्टसी बस, बँड.

पेंटॅगॉनने तुमच्या लायब्ररियनचा पगार उचलून नेला असं कोणी म्हणत असेल तर ते बाळबोध आहे. वॉशिंग्टन आपली जबाबदारी खाली ढकलतं, राज्य अजून खाली, आणि सगळ्यात खाली जो बसलाय त्याच्याकडे नोटा छापायचं मशीन नाही.

सावली

अनुमोदन, शंभर वेळा. मी स्वतः पॅरा आहे (दुसऱ्या राज्यात), माझ्या वर्गात सहा मुलं आहेत आणि त्यातल्या दोघांना पूर्ण वेळ एक माणूस लागतो. पालकांच्या ग्रुपवर मग कुजबुज सुरू होते की "त्या" मुलांमुळे आमच्या मुलांचा ऑर्केस्ट्रा गेला. आपले देसी पालक त्यात पुढे असतात, सांगायला लाज वाटते. अरे बाबांनो ज्याने ४० चं वचन दिलं त्याला विचारा ना, त्या पोराला काय विचारता.

डेटनकर

दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. मूळचा वरणगावचा, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, आमचं अख्खं बालपण फॅक्टरीच्या भोंग्यावर. शाळा फॅक्टरीची, दवाखाना फॅक्टरीचा, गणपती फॅक्टरीचा. आता मी डेटन ओहायोला, राइट-पॅटरसन एअर फोर्स बेस गाडीने वीस मिनिटांवर. एका जागी सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारी ओहायोतली ही जागा, ३० हजारांच्या वर माणसं. माझा केस कापणारा, आमचं इंडियन ग्रोसरी, मुलांचे पियानो टीचर, सगळ्यांचं पोट त्या बेसवर. तेव्हा "युद्धाचा पैसा" आणि "गावाचा पैसा" अशा दोन वेगळ्या थैल्या नसतात हो. आमच्याकडे ती एकच थैली आहे.

२०१३ मध्ये सीक्वेस्टर (सरकारी खर्चात सरसकट सक्तीची कपात) झालं तेव्हा बेसवरच्या सिव्हिलियन लोकांना बिनपगारी घरी बसवलं. आधी ११ दिवस सांगितलेले, शेवटी ६ झाले. पण त्या उन्हाळ्यात इथली रेस्टॉरंटं ओस पडली होती.

आकडेमोडे

डेटनकर, मुद्दा मान्य आहे पण त्याच सीक्वेस्टरमध्ये देशभर हेड स्टार्टच्या ५७ हजार मुलांच्या जागा गेल्या. सहा दिवस पगार बुडणं वाईटच, पण तीन वर्षाच्या पोराची बालवाडी गेली तर ते वर्ष परत येत नाही. आणि त्या आयांना टीव्हीवर बोलवायला कोणी सिनेटर नव्हता.

तुमच्याच राज्यातलं लाइमा आठवतंय का? रणगाड्यांचा कारखाना.

डेटनकर

आठवतंय म्हणजे काय! आय-७५ हायवेवरून टोलिडोला जाताना लागतं. इतरांसाठी सांगतो: लाइमा हे ३५ हजार वस्तीचं गाव, तिथे अब्राम्स रणगाडे बनतात. २०१२ च्या सुमारास लष्करानेच सांगितलं की आम्हाला पुरेसे आहेत, काही वर्षं काम थांबवू. लष्करप्रमुख जनरल ओडिएर्नो काँग्रेससमोर जाऊन बोलले. काँग्रेसने ऐकलं नाही, पैसे दिलेच. ओहायोचे दोन्ही सिनेटर, एक डेमोक्रॅट ब्राउन आणि एक रिपब्लिकन पोर्टमन, एका सुरात. बाकी कशावर दोघांचं एकमत व्हायचं नाही.

आता तुम्ही हसाल. पण एकदा ती लाइन बंद केली की तो वेल्डर दुसरीकडे जातो आणि पुन्हा चालू करताना माणूस मिळत नाही, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच फालतू नव्हता. २०२२ मध्ये पोलंडने २५० रणगाडे मागितले तेव्हा लाइन जिवंत होती म्हणूनच जमलं.

भाऊसाहेब_२

म्हणजे जनरल नको म्हणतोय आणि खासदार घे घे म्हणतोय. लग्नात जिलेबी वाढणाऱ्यासारखं झालं हे.

मृण्मयी_एनजे

भाऊसाहेब :)

पण मला एक कळत नाही, लष्कराला नको असलेला रणगाडा गावाची नोकरी म्हणून चालतो, मग लायब्ररियन ही गावाची नोकरी नाही का?

आकडेमोडे

नेमकं. युमास अ‍ॅमहर्स्ट युनिव्हर्सिटीच्या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये हिशोब मांडला होता: १ बिलियन डॉलर लष्करावर घातले तर साधारण ११,२०० नोकऱ्या तयार होतात, आरोग्यावर १७,२००, शिक्षणावर २६,७००. कारण सरळ आहे, शाळेचा पैसा माणसांच्या पगारात जातो आणि माणसं त्याच गावात भाजी घेतात. विमानाचा पैसा मशीनरी, सुटे भाग आणि परदेशातले तळ यांच्यात विखुरतो.

डेटनकर

कागदावर ठीक. पण लाइमाचा पन्नाशीचा वेल्डर दुसऱ्या दिवशी किंडरगार्टन टीचर होत नाही हे त्या टेबलात कुठे येतं?

जर्सी_जुना

डेटनकरांना पूरक म्हणून फोर्ट मॉनमथची गोष्ट सांगतो, ताईंच्या घराजवळचीच. ईटनटाउन, ओशनपोर्ट आणि टिंटन फॉल्स या तीन गावांच्या सीमेवर लष्कराचा तळ होता, रेडिओ-रडारचं संशोधन व्हायचं. आपले बरेच इंजिनिअर लोक, म्हणजे ज्यांना सिटिझनशिप मिळालेली, तिथे किंवा तिथल्या कंत्राटदारांकडे होते. २००५ च्या बेस क्लोजिंगच्या यादीत नाव आलं, सप्टेंबर २०११ मध्ये कुलूप लागलं. काम मेरिलँडला अ‍ॅबरडीनला गेलं. काही मित्र घर विकून गेले, काही जण अडीच तास ड्राइव्ह करत बसले, काहींनी वेळेआधी रिटायरमेंट घेतली. तळासमोरची हॉटेलं, ड्रायक्लीनर एकेक करून बसले. जमीन वर्षानुवर्षं ओसाड. २०२२ च्या शेवटी नेटफ्लिक्सला ५५ मिलियनला साधारण २९० एकर द्यायचं ठरलं, आता तिथे स्टुडिओ होतोय. म्हणजे दहा-बारा वर्षं गेली मध्ये. तेव्हा "डिफेन्स कापा आणि शाळांना द्या" हे वाक्य म्हणायला सोपं आहे, पण मधल्या काळात त्या गावाने काय खायचं ते आधी ठरवा.

आकडेमोडे

जर्सीकाका, सहमत. मी अचानक कापा म्हणतच नाहीये. माझी तक्रार वेगळी आहे, की युद्धाच्या वेळी "पैसे कुठून येणार" हा प्रश्नच कोणी विचारत नाही. बघा ना. व्हिएतनामच्या वेळी १९६८ मध्ये इन्कम टॅक्सवर १० टक्के सरचार्ज लावला होता, लोकांना निदान कळलं की युद्धाला पैसे लागतात. इराकच्या वेळी उलटं. मार्च २००३ मध्ये फौजा घुसल्या आणि मे मध्ये टॅक्स कमी केला! सप्टेंबर २००२ मध्ये व्हाइट हाऊसचेच आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे म्हणाले होते की खर्च १०० ते २०० बिलियन होईल, सगळे त्यांच्यावर तुटून पडले आणि डिसेंबरात त्यांना जावं लागलं. पुढे ब्राउन युनिव्हर्सिटीने ९/११ नंतरच्या सगळ्या युद्धांची बेरीज केली ती ८ ट्रिलियन, त्यात सैनिकांची पुढच्या कित्येक वर्षांची देखभालही धरली आहे. इराक-अफगाणिस्तानचा बराचसा पैसा वर्षानुवर्षं नेहमीच्या बजेटच्या बाहेरून, पुरवणी मागण्या म्हणून पास झाला. घरात आपण म्हणतो ना वरखर्च, तसा.

सगळं कर्जावर. २०२४ मध्ये नुसतं व्याज ८८० बिलियनच्या आसपास, संरक्षणापेक्षा जास्त. (सगळं युद्धांचं नाही अर्थात, टॅक्सकपात, मंदी, कोविड सगळ्यांचा वाटा आहे.)

आणि आता राज्याकडे या. व्हरमाँट सोडलं तर प्रत्येक राज्यावर बजेट जुळवायचं बंधन आहे. तुमची टाउनशिप शाळेची इमारत बांधायला बाँड काढू शकते पण लायब्ररियनच्या पगारासाठी काढू शकत नाही. वरच्याला उधारी चालते, खालच्याला रोख.

जिजी

मी कॅन्ससमध्ये चाळीस वर्षं आहे, आजी लोकांचंही ऐका. तुम्ही सगळे पैशाचं बोलताय, मी ट्रकचं बोलते. मे २००७, ग्रीन्सबर्ग नावाचं आमच्याकडचं छोटं गाव टोर्नेडोने पुसून टाकलं. गव्हर्नर सेबेलियसबाई उघड म्हणाल्या की नॅशनल गार्डचे (राज्याचं अर्धवेळ सैन्य) ट्रक आणि जड यंत्रं इराकमध्ये आहेत म्हणून ढिगारे उपसायला उशीर होतोय. व्हाइट हाऊसने झटकलं, म्हणाले पुरेशी सामग्री आहे, तुम्ही मागितलीच नाही. दोन वर्षं आधी कट्रीना चक्रीवादळाच्या वेळी पण तेच, लुइझियाना गार्डची मोठी ब्रिगेड तेव्हा इराकमध्ये. गार्डमधले लोक म्हणजे कोण, तर गावातला फायरमन, हायस्कूलचा कोच, पोलीस. तो गेला की गावातली तीन कामं अडतात.

मी काही युद्धविरोधी वगैरे नाही हं. आमचे शेजारी दोन वेळा जाऊन आले, त्यांच्याबद्दल आदरच आहे.

पुणेरी_खवचट

आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या चिलखती गाड्या गावच्या पोलिसांना फुकट वाटतात म्हणे? आमच्या फरासखान्याला एक द्या की, मंडईतून काढू.

जर्सी_जुना

वाटतात. १०३३ प्रोग्रॅम म्हणतात. सुरुंगाला दाद न देणाऱ्या गाड्या, ज्या गावात कोणी फटाकाही लावत नाही तिथे. गाडी फुकट पण डिझेल आणि दुरुस्ती टाउनशिपच्या माथी.

मेरिलँडची_माई

शटडाऊनचं (बजेट पास न झाल्याने सरकारी कामकाज बंद) कोणीच बोललं नाही. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, ४३ दिवस, तोवरचं सगळ्यात मोठं. आमच्या भागात प्रत्येक तिसरं घर फेडरल नाहीतर कंत्राटदार. फेडरल लोकांना मागचा पगार नंतर मिळाला, पण माझा भाचा कंत्राटी कंपनीत, त्याचे ते दिवस गेले ते गेले. सैन्याचे पगार सरकारने इकडून तिकडून फिरवाफिरव करून वेळेवर दिले, आणि नोव्हेंबर लागल्यावर फूड स्टँप (गरिबांना खाण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) अडकले. आमच्या मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात डाळ-तांदूळ-कॅन गोळा केले, चांगले ढीगभर जमले, पण फूड पँट्रीच्या बाई म्हणाल्या की आम्ही सगळे चर्च-देवळं-मंडळं मिळून एका फूड स्टँपच्या महिन्याची बरोबरी करूच शकत नाही. प्राधान्य काय आहे ते त्या वेळी कुठलाही पाय चार्ट न बघता कळलं.

भाऊसाहेब_२

ताई, फौजेला पगार द्यायचा नाही का मग?

मेरिलँडची_माई

असं कुठे म्हटलं भाऊसाहेब. द्यायलाच हवा. एकासाठी रस्ता सापडतो आणि दुसऱ्यासाठी सापडत नाही, एवढंच म्हणतेय. शिवाय फौजेतल्या कितीतरी घरांत स्वतःच फूड स्टँप चालतात हे पण वाचा कधीतरी.

आकडेमोडे

फूड स्टँपचा विषय निघालाच आहे तर मृण्मयीताईंसाठी पुढची सूचना. ४ जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्यात संरक्षणाला नेहमीच्या बजेटच्या वर साधारण १५० बिलियन दिलेत. त्याच कायद्यात फूड स्टँपच्या कारभाराचा खर्च, जो आत्तापर्यंत केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा वाटून घेत होते, त्यातला राज्यांचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ७५ टक्के होतो. त्याच्या पुढच्या वर्षापासून ज्या राज्यांत हिशोबाच्या चुका ६ टक्के किंवा त्याहून जास्त, त्यांनी प्रत्यक्ष मदतीचाही काही भाग द्यायचा. जर्सीत हे काम काउंटीची ऑफिसं करतात. म्हणजे तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात शाळेच्या खाली काउंटीची जी ओळ असते, तिच्यावर पण लक्ष ठेवा. मेडिकेडची कपातही त्यात आहे, आणि शाळेत जी थेरपी मिळते तिचे काही पैसे डिस्ट्रिक्ट मेडिकेडकडूनच वसूल करतं.

एकाच कायद्यात एक हात वर जातो, दुसरा खाली येतो.

नवीन_मेंबर_टेक्सास

मी एच-वन वर आहे. टॅक्स भरतो, सोशल सिक्युरिटी मेडिकेअर सगळं कापलं जातं, घर पण घेतलंय, मत नाही. ह्या सगळ्या चर्चेचा मला उपयोग काय? आमच्याकडे तर फोर्ट वर्थला एफ-३५ लढाऊ विमान बनतं, इथे कोणाला ह्या विषयावर तोंड उघडायची सोय नाही.

सावली

मत नाही पण मीटिंगमध्ये माइक आहे. स्कूल बोर्डाच्या पब्लिक कॉमेंटला कोणी व्हिसा विचारत नाही, फार तर गावात राहता का एवढंच विचारतील. गावच्या लोकांनी गावातच बोलून काय होतं म्हणाल तर जून २०११ मध्ये बाल्टिमोरला देशभरच्या महापौरांच्या परिषदेने ठराव केला होता की युद्धं आटोपा आणि तो पैसा शहरांकडे वळवा, व्हिएतनामनंतर पहिल्यांदाच असा ठराव. त्याने लगेच काही झालं नाही हे मान्य. पण तो ठराव करणारे डेमोक्रॅट-रिपब्लिकन दोन्ही महापौर रोज कचरा आणि खड्डे बघणारे लोक होते, कॉलेजातले मोर्चेवाले नव्हेत.

डेटनकर

ठरावाने काय होतंय हो. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये बेस असता तर तुम्हीही वेगळं बोलला असतात. मी बोलतोय तसं.

सावली

शक्य आहे.

अ‍ॅडमिन

धागा "अमेरिकेतलं जीवन" विभागात हलवला आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत, कारण विचारू नये.

मृण्मयी_एनजे

सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला आकडेमोडेंचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला "मी तेच म्हणत होतो". असो!

आता कामाचं विचारते. मीटिंगमध्ये तीन मिनिटं मिळतात. ट्रिलियनवर बोलले तर परत "अखत्यारीत नाही" ऐकावं लागेल. नेमकं काय विचारू?

आकडेमोडे

ट्रिलियन काढूच नका. जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला "यूजर फ्रेंडली बजेट" वेबसाइटवर टाकावं लागतं. ते उघडा, फेडरल ग्रँट "फंड २०" या खात्यात दिसेल. स्पेशल एज्युकेशनसाठी फेडरलकडून आलेली रक्कम आणि डिस्ट्रिक्टचा त्यावरचा एकूण खर्च, हे दोन आकडे मागा आणि टक्केवारी त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, मीटिंगच्या इतिवृत्तात नोंद होईल. मग विचारा की वचनाप्रमाणे पैसे आले असते तर किती पदं वाचली असती, आणि बोर्ड तुमच्या काँग्रेसमनला तसं पत्र लिहिणार का. पत्र लिहिणं त्यांच्या अखत्यारीत आहे.

दुसरं, थेरपीचे पैसे मेडिकेडकडून घ्यायला पालकांची सही लागते. पुष्कळ पालक फॉर्म बघून घाबरतात, विशेषतः ग्रीन कार्डच्या रांगेतले. किती फॉर्म परत आले ते विचारा.

मृण्मयी_एनजे

फंड २० सापडला. पान ११, अक्षर मुंगीएवढं. मेडिकेडचा फॉर्म मराठी शाळेच्या ग्रुपवर टाकू का? की तिथे लोक भडकतील?

सावली

टाक. भडकले तर माझा नंबर दे.